बद्रीनाथरावांच्या मळ्यात

“लाल बटन दाबलं की कुणी खोकायचं न्हाई. बांगड्या वाजवायच्या न्हाईत. अन् माझं बोट वर गेल्याबिगर कुणी तोंड उघडायचं न्हाई.”

साहेबरावचा हा हुकूम अजून माझ्या कानात आहे. आष्टीच्या स्टँडवर त्याचं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतींना गोण्या आणि जुन्या गोधड्या ठोकून त्यानं रेकॉर्डिंगची जागा केली होती. आमच्या महिला भजनी मंडळाची कॅसेट भरायची म्हणून कार्तिकातल्या एका दुपारी आम्ही बायका तिथं जाऊन बसलो होतो. आमच्या आधी केशरबाईचा नंबर होता.

केशरबाई भीमनगरची. लोकांच्या शेतात रोजानं जायची आणि जयंतीला, लग्नकार्यात गाणी म्हणायची. गाणी तिची तीच जुळवायची. त्या दिवशी तिनं नळाचं गाणं भरलं. गावात नवी नळयोजना झाली होती, पण भीमनगरच्या तोट्या कोरड्याच होत्या. पाइपलाइन माझ्या दिरांच्या, बद्रीनाथ भाऊजींच्या मळ्यावरून यायची आणि पाणी सोडायच्या वॉलची चावी त्यांच्या गड्याकडे असायची. भाऊजी तेव्हा सरपंच होते.

नळ आला गं सया, पाणी कुठं गेलं?
बद्रीनाथाच्या मळ्यात ऊस पिऊन आलं!
वळणावर बसलं, बिडी ओढून आलं,
भीमनगर म्हणताच लंगडू लागलं!

साहेबरावनं खोकू नका म्हणून सांगितलं होतं, हसू नका म्हणून सांगितलं नव्हतं. माझी धाकटी जाऊ तुळजाबाई, म्हणजे भाऊजींचीच बायको, पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. तरी ‘लंगडू लागलं’ला तिचं हसू फुटलंच. ते कॅसेटवर उतरलं. साहेबराव म्हणाला, “परत भरू का?” केशरबाई म्हणाली, “राहू द्या. मालकिणीलाच पटलंय म्हटल्यावर मला काय भेव?”

तुळजानं तिला चापट मारली आणि आमचा नंबर आला. तेव्हा कुणाच्या मनात काही नव्हतं.

पुढं पौषात निवडणुकीचं वारं सुरू झालं. पंचायत समितीची आमची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि भाऊजींनी तुळजाचा फॉर्म भरला. समोरून विरोधी गटाच्या काकासाहेबांनी त्यांच्या भावजयीचा, पुष्पाबाईचा भरला. दोघींना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तुळजा मला म्हणाली, “बाई, मला सकाळी कळलं अन् दुपारी परतूरला कचेरीत नेलं. फोटो काढायला बी वेळ न्हाई दिला, लग्नातलाच लावलाय.”

त्या संक्रांतीला आमच्या घरी मोठं हळदीकुंकू झालं. निवडणूक होती म्हणून भीमनगरलाही बोलावणं गेलं, एरवी जात नव्हतं. केशरबाईनं निरोप पाठवला, “आम्ही ते सोडलं. तुमच्या तिळगुळाला न्हाई म्हणत न्हाई, पुडी बांधून ठेवा.” साहेबरावनं माईक आणून लावला आणि बायकांनी एकेक करून नाव घेतलं. तुळजानं घेतलं:

“हळदीच्या वाटीत बुडवलं बोट, बद्रीनाथरावांच्या मळ्यात चालते मोट.”

कुणीतरी म्हणालं, “आता मोट कुठं राह्यली, मोटर म्हण!” सगळ्या हसल्या. मग आमच्या भजनी मंडळातल्या द्वारकाबाईंनी तिच्या तोंडात तिळाची वडी कोंबली, दुसरी कोंबायला लागल्या, तशी तुळजा माईकजवळच म्हणाली, “नको गं बाई, पुरे झालं.” साहेबरावनं आठवण म्हणून सगळं भरून घेतलं आणि ज्यानं मागितली त्याला कॅसेट दिली.

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना गावात दुसरी एक कॅसेट आली. स्टँडवरच्या हॉटेलात वाजली, जीपगाड्यांवर वाजली, परतूरच्या आडतीत वाजली म्हणून सांगतात. तिच्यात एक पुरुष विचारायचा, “तुळजाबाई, नळाचं पाणी जातं कुठं?” आणि तुळजाचा आवाज म्हणायचा, “बद्रीनाथरावांच्या मळ्यात.” तो विचारायचा, “मंग भीमनगरला पाणी द्यायचं का?” तुळजाचा आवाज म्हणायचा, “नको गं बाई, पुरे झालं.” आणि वर पुष्कळ बायका हसायच्या.

आवाज तिचाच होता. त्यामुळं लोकांना शंका घ्यायला जागाच नव्हती. पुरुषमंडळी पारावर बसून सांगायची, आता माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल झाल्यावर काय राहिलं. भीमनगरची माणसं भाऊजींच्या उसाला पाणी द्यायला जायची बंद झाली. दोन पोरांची मळ्यावरच्या गड्याबरोबर झटापट झाली. तुळजा घराबाहेर पडेना.

मंदिरात आम्ही बायकांनी ती कॅसेट पहिल्यांदा ऐकली ती रस्त्यावरून जाणाऱ्या जीपवर. सकाळची आरती नुकतीच संपली होती. द्वारकाबाईंच्या हातातली वात तशीच राहिली.

“ह्या मेल्याच्या घरात बायको न्हाई का?” त्या म्हणाल्या.

“का हो?”

“का काय? कुणी विचारल्यावर तुळजा असं धडधडीत नाव घेईल का नवऱ्याचं? ‘ह्यांच्या मळ्यात’ म्हणंल, ‘घरच्यांच्या’ म्हणंल, लईच झालं तर ‘सरपंचाच्या’ म्हणंल. हे नाव घेतलेलं हाय. माझ्यासमोर घेतलंय. बोट-मोट कापून टाकलं अन् मधलं ठेवलं!”

एका क्षणात सगळ्यांना कळलं. आमच्याकडं नाव घ्यायचं ते उखाण्यात, चार जणींच्या आग्रहावर. बोलण्याच्या ओघात कुणी घेत नाही. मी आत्ता हे लिहिते आहे त्यातही आमच्या घरच्यांचं नाव तुम्हाला सापडणार नाही. ज्यानं कुणी ती कॅसेट जोडली त्याला दोन टेप जोडता आले, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ऐकणाऱ्या पुरुषांच्याही नाही. जन्मभर आपलं नाव सोडून बायकोनं बाकी सगळं म्हटलेलं ऐकलं, तरी नाही.

कुणी जोडली ते शेवटपर्यंत उघड झालं नाही. नाव काकासाहेबांचं घेतलं जायचं. मी पाहिलेलं नाही, म्हणून मी घेत नाही.

भीमनगरात हीच गोष्ट केशरबाईनं सांगितली. घरोघर जाऊन ती म्हणत होती, “आमच्या पोरी आता घेत्यात नवऱ्याची नावं. ती तुळजाबाई न्हाई घेणार. हे कापलेलं हाय. मळ्याचं मी म्हणलंय, तिनं न्हाई. भांडायचं तर पाण्यासाठी भांडा, ह्या कॅसेटीसाठी नका भांडू.”

तिचं ऐकून भीमनगर जरा शांत झालं. पण तोवर परतूरहून हुकूम आला होता: निवडणूक संपेपर्यंत तहसील कचेरीत ऐकवून शिक्का घेतल्याशिवाय कुठलीही कॅसेट वाजवायची नाही, विकायची नाही, भरायचीही नाही. साहेबरावच्या दुकानाला सील लागलं. जमादार सगळ्या कॅसेटी पोत्यात घालून घेऊन गेला. त्यात आमच्या भजनाच्याही गेल्या.

त्यांचं पुढं काय झालं ते साहेबराव येऊन सांगून गेला. जमादारानं म्हणे कचेरीत बसून आमचं भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि तीन हरकती काढल्या. एका अभंगात चरणकमळ होतं, एकात जोडलेले हात होते, एकात रामाचं धनुष्य होतं. “सगळ्याच पक्षांचा परचार करून राह्यल्या ह्या बाया,” असं तो नायब तहसीलदारांना म्हणाला. साहेबही हसले, पण शिक्का दिला नाही. आम्हीही हसलो. मंदिराचा भोंगा मात्र मुका झाला आणि त्याचं हसू दोन दिवसांत ओसरलं.

मला हुकमाचा राग नव्हता. कुणाच्या तोंडात न बोललेलं बोलणं घालणं हे पाप आहे आणि सरकारनं ते अडवलंच पाहिजे, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. तुळजाचे हाल मी रोज पाहत होते. पण पोतं एकच होतं, आणि त्यात सगळं गेलं होतं.

मग भाऊजी आले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं. त्यांनी एक अर्ज लिहून आणला होता.

“वहिनी, तुम्ही माळकरी. तुमच्या शब्दाला साहेब मान देतील. हळदीकुंकू तुमच्या घरी झालं. नाव उखाण्यात घेतलं होतं, अन् ह्या दोन्ही कॅसेटी बनावट हायेत, एवढ्यावर सही करा.”

“दोन्ही?”

“तुळजाची अन् ती केशरीची. हिच्यात मळा, तिच्यात मळा. एकाच टोळीचं काम हाय. साहेबांना बराबर पटलंय. केशरीला नोटीस बी गेली.”

“भाऊजी, पहिलीचं देते लिहून. दुसरी माझ्यासमोर गायलेली हाय.”

“गायली म्हणजे खरी झाली का?”

“पाण्याचं खरं-खोटं तुम्ही अन् गावानं बघा. पण कॅसेट कापलेली न्हाई. तिनं गायली, तशीच हाय.”

भाऊजी काही वेळ अर्जाची घडी घालत राहिले. ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही.

“वहिनी, निवडणूक हाय. घरच्यांनी घरच्यांचं बघायचं असतं.”

“बघतेच आहे. तुळजाचं सांगेन ना.”

“राहू द्या मंग,” ते उठले. “सुनावणी गुरुवारी ठेवलीय. गुरुवारी तुमचं मौन असतं. तुम्हाला तरास न्हाई अन् आम्हाला बी न्हाई.”

दर गुरुवारी मी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत बोलत नाही. सासूबाईंनी जाताना हा नेम माझ्या हाती दिला. दुखण्यात, लग्नात, कधी चुकला नव्हता. भाऊजी हसत बोलले, पण जाताना त्यांची पाठ हलकी झालेली मला दिसली.

मंगळवारी संध्याकाळी केशरबाई मागच्या दारानं आली.

“पुढून ये की गं,” मी म्हटलं.

“पुढं तुमच्या जावेचे बोर्ड निजवून ठेवलेत. तिच्या फोटूवर पाय पडला तर आणखी एक कलम लागंल.”

मी चहा टाकला. ती चुलीपाशी पाट घेऊन बसली, पण कपाला हात लावला नाही. नोटीस तिनं कुणाकडून तरी वाचून घेतली होती. गुरुवारी परतूरला नायब साहेबांपुढं हजर व्हायचं होतं. ही कॅसेट मी बनावट केली नाही, हे तिनं दाखवायचं. नाही तर असली गाणी यापुढं म्हणणार नाही असं लिहून द्यायचं. दोन्ही नाही जमलं तर केस.

“लिहून देऊन टाक म्हनतो जमादार. एक अंगठा अन् सुटली.”

“मग?”

“न्हाई देणार.” ती शांतपणे म्हणाली. “बाई, मला कायदा नको असं न्हाई. कायदा पायजेच. आज तुळजाबाईचं तोंड कापलं, उद्या माझं कापतील, अन् माझं कापलं तर माझी बाजू घ्यायला कोण हाय? पर मी जे तोंडानं म्हनले, नाव सांगून म्हनले, त्याला बी हेच पोतं? साहेब काय म्हनला माहीत हाय का? म्हनला, कापलेलं कोनतं अन् गायलेलं कोनतं हे बघत बसायला आमच्याकडं मानसं न्हाईत, सगळ्यांना एकच नियम. आता नियम एक असंल, पर पानी येकसारखं येतंय का?”

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

“साहेबराव येतो म्हणतो का?” मी विचारलं.

“त्याला दुकान उघडायचंय. तो म्हनतो, मला काही आठवत न्हाई. बाकीच्या बाया तुमच्या दिराच्या रानात काम करत्यात, त्यांना मी इचारलं बी न्हाई. तुम्ही त्या दिवशी तिथं होत्या. तेवढंच सांगा. माझं गाणं चांगलं हाय असं म्हनू नका, आवडलं असंल तरी.”

“केशरबाई, गुरुवार...”

“ठावं हाय. सगळ्या गावाला ठावं हाय.” ती हसली. “तुमच्या देवाला एक दिवस पुढं-मागं चालत न्हाई का? आमच्या मुकादमाला चालतंय.”

मीही हसले. बाहेर म्हशीचं रेडकू ओरडत होतं. मला वाटलं होतं मी विचार करून सांगते म्हणेन. तोंडून निघालं ते वेगळंच.

“मी येते.”

“नक्की?”

“येते म्हटलं ना.”

“मंग चहा घेते,” ती म्हणाली आणि निवलेला चहा एका घोटात प्यायली.

बुधवारी मी देवापुढं जास्त वेळ बसले. कौल लावावा असं एकदा मनात आलं, पण कौल लावायला तो प्रश्न देवाचा नव्हता. वायफळ बोलणं होऊ नये, तोंडून कुणाचं वाईट निघू नये, म्हणून सासूबाईंनी मौन धरायला शिकवलं होतं. माझ्या गप्प राहण्यानं कुणाचं नुकसान व्हावं, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. मी मौन शुक्रवारवर नेलं आणि गुरुवारी काही न खाता निरंकार उपास धरायचं ठरवलं. एवढं झाल्यावर मन थाऱ्यावर आलं.

रात्रीच्या जेवणाला घरच्यांना सांगितलं. ते ताटावरून वर न बघता म्हणाले, “बद्री चिडंल.”

“चिडतील.”

“जीप न्हाई देणार.”

“काळीपिवळी हाय की.”

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत भिजवला, खाल्ला. “सकाळच्या धारांचं मी बघतो. तू जल्दी नीघ. नऊनंतर गाडीत जागा मिळत न्हाई.”

मी भांडी आवरत होते तेव्हा तुळजा आली. कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन घराबाहेर पडली होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला, जणू रस्त्यावर कुणी तिला ओळखणार नाही.

“बाई, उद्या तुम्ही बोलणार म्हणं.”

“कुणी सांगितलं?”

“केशरबाईनं. विहिरीवर. म्हणाली, तुमच्या जावेनं कबूल केलंय, आता तुमचं तुम्ही बघा.” तुळजा उंबऱ्यावरच बसली. “तुम्ही काय सांगणार?”

“दोन गोष्टी. तुझं बोलणं कापलेलं हाय. तिचं गाणं गायलेलं हाय.”

“अन् मी काय सांगू? घरच्यांनी पाठ करून घेतलंय. दोन्ही खोट्या म्हण, रड, अन् खाली बस.”

“त्या गाण्यात तुझं हसू हाय, तुळजा. साहेबांनी कॅसेट लावली तर ऐकू येईल.”

“तेच तर.” ती एकदम हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “काय वाईट हसले हो मी. पाण्याला लंगडं केलं तिनं. अन् खोटं कुठं हाय ते? मळ्यात दिवसभर पाट वाहतो, मी रोज बघते. पर ते मी बोलले न्हाई. कुणाला नळ देऊ नका असं तर मेले तरी बोलणार न्हाई. त्यांनी माझ्या तोंडात ते घातलं, आता हे दुसरंच घालून राह्यले. माझं मी कवा बोलायचं, बाई?”

मी तिला सांगितलं नाही की उद्या बोल. तिला त्या घरात राहायचं होतं. भाऊजी वाईट माणूस नाहीत. त्यांना निवडणूक जिंकायची होती आणि पाण्याची चावी हातात ठेवायची होती, एवढंच. मी तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

“तुझ्या बाजूचं मी बोलेन. ते कुणी अडवलं तरी बोलेन.”

“अन् तिच्या बाजूचं?”

“ते बी.”

“मंग मतं गेली आमची,” ती म्हणाली. डोळे पुसून उठली. दारातून परत वळून म्हणाली, “साहेबांनी विचारलं ना, हे हसू कुणाचं, तर माझ्याकडं बोट करू नका. मला विचारू द्या त्यांना.”

गुरुवारी सकाळी पूजा आटोपली, पोथीचा अध्याय वाचला. घरचे गोठ्यात होते, चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता. मी लुगडं बदललं, पिशवीत पाण्याची बाटली आणि केशरबाईसाठी दोन भाकरी घातल्या. भाऊजींची जीप त्यांच्या दारात उभी होती, गडी काच पुसत होता. त्यानं मला पाहिलं आणि काय करावं न कळून काच पुसतच राहिला.

मी त्याच रस्त्यानं गेले. स्टँडवर काळीपिवळी अर्धी भरली होती. साहेबरावच्या दुकानाला सील तसंच होतं. केशरबाई मागच्या बाकावर आधीच बसली होती, जयंतीला नेसायची ती पांढरी साडी नेसून. मला पाहून ती सरकली आणि तिनं पदरानं बाकाची धूळ झटकली.

“कचेरीला का हो, बाई?” ड्रायव्हरनं विचारलं.

“हां,” मी म्हटलं, आणि आत चढले.